पाखराच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं

'धारवाले' हे नाव त्यांना फोटो क्लबातल्या लोकांनी ठेवलं, आणि तेही पाठीमागे. तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ते 'काका' होते. पण नाव पोचायचं तिथे पोचलंच. ऐकून ते एवढंच म्हणाले, "चला, एक तरी गोष्ट या बावळटांना नीट दिसली." आणि मनातल्या मनात खूश झाले.

बावळट हा त्यांचा लाडका शब्द. त्यांच्या हिशेबी जगात दोनच प्रकारची माणसं, बावळट आणि अर्धवट. अर्धवट म्हणजे हातात कॅमेरा असलेला बावळट. शेजारचा घड्याळजी बावळट, समोरचा औषधवाला बावळट, आणि पेपर छापणारे तर विचारूच नका. अलीकडे पेपरची शाई इतकी पुचाट यायला लागली होती की बातमी वाचायला खिडकीत जाऊन उभं राहावं लागायचं. टीव्हीवाल्यांना पूर्वीसारखा स्वच्छ पडदा बनवता येत नव्हता. रस्त्यावरचे नवे दिवे नुसता पसरट उजेड सांडत होते. एकंदर जगाचीच धार गेलीये असं धारवाल्यांचं ठाम मत होतं, आणि ज्याला ते पटत नसेल त्याने खुशाल चुलीत जावं.

जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. चौकात, खाली दुकान आणि वर घर. मागच्या खोलीत चाक फिरायचं, त्यावर पाण्याची धार धरून ते काचेची कड घासत. काच फ्रेमच्या खाचेत अशी बसली पाहिजे की नखालासुद्धा फट लागू नये. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्यांच्यावर दात खाणारेही कबूल करत. कडेवर त्यांचा जीव होता. वस्तू म्हणजे तिची कड, बाकी सगळा भरणा, असं ते म्हणायचे.

पुढच्या खोलीत मात्र गिऱ्हाइकांचे हाल. खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, समोरच्या भिंतीवर दिव्याच्या पेटीत अक्षरांचा तक्ता. वरची ओळ मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. बिचारं गिऱ्हाईक मधेच कुठेतरी अडायचं आणि म्हणायचं, "दिसत नाही हो." की धारवाल्यांचा पारा चढला. "नीट बघा! दिसतंय. तुम्ही बघत नाही." भेदरून एखादा अंदाजाने अक्षर ठोकून द्यायचा, तर त्याची आणखी शोभा. "अंदाजपंचे नको. काय ओठ हलवताय? दिसतं तेवढंच सांगा!" चांगले पोक्त, नातवंडं असलेले लोक त्या खुर्चीतून शाळेत छडी खाल्ल्यासारखे उठायचे. चष्मा मात्र अचूक मिळायचा, म्हणून पुन्हा यायचे.

गुडघे बोलायला लागले तशी दुकानाची किल्ली लेकीकडे गेली. लेक याच विद्येत रीतसर शिकून आलेली, शांत, कमी बोलणारी. तिने सगळं नवं केलं, रंग दिला, यंत्रं आणली. अक्षरं बदलता येतील असा पडद्यावरचा तक्ताही ती आणणार होती, पण तिथे बापाने खो घातला. "माझ्या तक्त्याला हात लावायचा नाही. अख्ख्या गावाला डोळे दिलेत त्याने." लेक म्हणाली, "बरं." तिच्या तोंडी हा शब्द फार. बापाला तो मिळमिळीत वाटायचा.

रोज सकाळी फिरायला निघताना धारवाले दुकानाच्या दारात थांबायचे आणि उंबऱ्यावरूनच तक्त्याची सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ खडखडीत आवाजात म्हणून दाखवायचे. "झाली माझी तपासणी! आहे का या वयात कुणाची टाप?" लेकीने दोनदा-तीनदा म्हणून पाहिलं होतं, "बाबा, एकदा खुर्चीत बसून रीतसर तपासून घ्या ना." त्यावर उत्तर ठरलेलं. पुन्हा ती ओळ, या खेपेला उलट्या क्रमाने. मग तीही गप्प बसायची. एवढं बारीक वाचणाऱ्या माणसाला खुर्चीत कोंबून करायचं तरी काय?

कॅमेरा आला तो दुकान सुटल्यावर. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये फोटो क्लब भरायचा, तिथे ते एकदा सहज म्हणून गेले आणि भिंतीवरचे फोटो बघून त्यांना मळमळलं. तिथल्या तिथे त्यांनी अख्ख्या क्लबाची पिसं काढली. आश्चर्य म्हणजे क्लबाने त्यांना हाकललं नाही, उलट खुर्ची दिली, आणि दोन वर्षांत प्रदर्शनाचा 'शेवटचा हात' त्यांच्याकडे आला.

हा शेवटचा हात काय, ते सांगायला हवं. कॅमेऱ्यातून जी रॉ फाइल निघते तो नुसता कच्चा माल. मऊ, फिक्कट, कसलाच साज न चढवलेला. कॉम्प्युटरवर बसून त्याला रूप द्यावं लागतं. त्यात दोन स्लायडर कळीचे. एक शार्पनिंगचा, म्हणजे कडांना धार लावणारा. दुसरा नॉइज रिडक्शनचा, म्हणजे कमी उजेडातल्या फोटोवर रवा सांडल्यासारखे जे दाणे उठतात ते पुसणारा. धार वाढवली की दाणेही टोचायला लागतात. दाणे पुसायला जावं तर त्यांच्याबरोबर पापण्या, केस, पिसं सगळंच धुतलं जातं. प्रत्येक फोटोचा मेळ वेगळा. वार्षिक प्रदर्शनाआधी सगळ्या सभासदांनी आपापल्या रॉ फाइली धारवाल्यांकडे सोपवायच्या आणि दोन्ही स्लायडर कुठे थांबवायचे ते धारवाल्यांनी ठरवायचं, ही क्लबाची रीत पडली. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय भिंतीवर फोटो लागत नव्हता.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं भिंत बघण्यासारखी होती. त्यांना ते जमत होतं. धार दीडशेपैकी चाळीसच्या आसपास, तीही फक्त कडांना, आभाळासारख्या मोकळ्या जागेला लागू नये अशी अडवलेली. दाणे अगदी थोडे पुसलेले. बाहेरगावचे लोक येऊन विचारायचे, कुणी केलंय हे? धारवाले खिडकीशी पाठमोरे उभे राहून ऐकू न आल्याचं सोंग करायचे. उतारवयात त्या माणसाला मिळालेलं सुख ते एवढंच होतं. बाकी मित्र त्यांना नव्हते, ठेवलेच नव्हते.

मग धार साठवर गेली. मग नव्वदवर. गेल्या वर्षी शंभराच्या पुढे. दाणे पुसायचा स्लायडर तर त्यांनी शून्यावर नेऊन खिळाच ठोकला. का, तर कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनी भिंगं मऊ करून टाकली, म्हणून. कंपन्यांत कोण बसलेत? बावळट. भिंतीवरचे फोटो काटेरी व्हायला लागले. झाडांच्या फांद्या तारेच्या, पोरांचे गाल पॉलिशपेपरचे. बायकोचा त्यांनी एक फोटो करून दिवाणखान्यात लावला. ती माउली तो बघून म्हणाली, "अहो, माझ्या तोंडावर किसणी फिरवलीत का?" आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. धारवाल्यांनी तो पुन्हा सुलटा केला. तिने पुन्हा उलटा केला. शेवटी खिळाच काढून टाकला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली.

अशात क्लबात डॉक्टरीणबाई आल्या. त्वचेच्या डॉक्टर. आता जन्मभर लोकांचे मुरूम आणि डाग घालवणाऱ्या बाईच्या हातात तो पुसायचा स्लायडर दिल्यावर ती काय करणार? ती पुसत सुटली. तिच्या फोटोतला म्हातारा हमाल उकडून सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. तिच्या फोटोतलं मांजर साबणाचं. धारवाले तिला 'मेणवाली' म्हणायचे आणि तोंडावर म्हणायचे, कारण पाठीमागे बोलणं म्हणजे भेकडांचा धंदा. बाई हसून सोडून द्यायच्या. त्यांचं ते हसणं धारवाल्यांना शिवीपेक्षा झोंबायचं.

खरी ठिणगी पडली ती अध्यक्षांमुळे. अध्यक्षांचं नळांचं आणि संडासाच्या भांड्यांचं मोठं दुकान. कॅमेरा सगळ्यात महागडा आणि त्यातलं अक्षर कळत नाही, अशी त्यांची कीर्ती. गेल्या प्रदर्शनात त्यांच्या नातीचा फोटो लागला होता. धारवाल्यांच्या हातून गेल्यावर त्या पोरीच्या गालावर गोवर उठल्यासारखे दाणे दिसत होते. आजी रडली, सून चिडली. अध्यक्ष वर्षभर गिळून बसले आणि यंदाच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी विषय काढला.

"काका, राग मानू नका. पण सगळ्यांचं म्हणणं आहे, यंदा शेवटचा हात बाईंनी फिरवावा."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं? हात वर करा बघू."

आणि हात वर झाले. एकेक करत जवळजवळ सगळे. ज्यांना धारवाल्यांनी कॅमेरा धरायला शिकवला तेही. धारवाल्यांच्या कानशिलांत जाळ झाला. रोज संध्याकाळी जिना चढून जायला या माणसाला जगात ही एकच जागा होती, आणि तिथून त्याला आता 'बसा की, चहा घ्या' एवढ्यावर आणून ठेवत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले, "मेण पाहिजे ना? घ्या मेण. पण पुढच्या बैठकीत मी तुम्हाला एक फोटो दाखवतो. धारेने काय दिसतं आणि पुसून काय मरतं, ते डोळे असतील तर बघा. नाही पटलं तर मी स्वतः सगळ्यांच्या फाइलींचा पेनड्राइव्ह बाईंच्या हातात ठेवतो आणि या जिन्याला पुन्हा पाय लावत नाही."

"अहो काका, एवढं कशाला..." बाई म्हणाल्या.

"तुम्ही बोलू नका. तुम्ही पुसा."

आता बोलून बसले खरे, पण दाखवायचं काय? पुढचे काही दिवस ते पहाटे उठून गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन बसले. तिथल्या बोरूच्या गवतात एक वटवट्या असतो. अंगठ्याएवढं तपकिरी पाखरू, सारखी किरकिर करणारं, ज्याच्याकडे ढुंकून कुणी बघत नाही. त्याचाच एक दुर्मीळ भाऊबंद आहे, चष्मेवाला वटवट्या. सगळं तेच, फरक एवढाच की त्याच्या डोळ्याभोवती बारीक पांढरं कडं असतं. गावात तो कधी कुणाला दिसलेला नाही. धारवाले काही त्याला शोधत नव्हते. त्यांना नुसती पिसं पाहिजे होती, दाखवायला. त्यांनी त्या साध्या पाखराचे फोटो काढले, घरी आणले, रॉ फाइल उघडली, सवयीने धार वाढवली, तरी मिळमिळीत वाटलं म्हणून आणखी वाढवली, पार एकशे तीसपर्यंत. मग फोटो मोठा मोठा करत नाक पडद्याला लागेपर्यंत वाकले. आणि तसेच राहिले.

डोळ्याभोवती पांढरं कडं होतं.

"अगं, इकडे ये!" त्यांचा आवाज चिरकला. बायको हात पुसत आली. "हे बघ. हे! डोळ्याभोवती!"

तिने चष्मा लावून बघितलं. "पांढरं आहे काहीतरी."

"काहीतरी? अगं, कडं आहे ते! चष्मेवाला आहे हा!"

"पण तसं पांढरं तर त्या गवताच्या प्रत्येक काडीभोवती आहे की," ती म्हणाली. "चोचीभोवतीपण आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं? जा तू."

ती गेली. तिला खरंच त्यातलं कळत नव्हतं, तिला नुसतं दिसत होतं. काळ्या कडेला अति धार लावली की शेजारी पांढरी रेघ उमटते, हे क्लबातल्या नवशिक्यालाही पहिल्या महिन्यात सांगतात. सांगणारे कोण, तर हेच धारवाले. पण त्या दिवशी ते आपलंच सांगणं विसरले. जे पाहिजे होतं तेच पडद्यावर आलं म्हटल्यावर कोण विसरत नाही? त्यांनी मनातल्या मनात भाषण जुळवायला घेतलं, आणि बाईंचं पडलेलं तोंड आत्ताच बघून घेतलं.

बैठकीच्या दिवशी हॉल भरला होता. भांडण आहे म्हटल्यावर एरवी न फिरकणारेही आले होते. धारवाले इस्त्रीचा शर्ट घालून ऐटीत पोचले आणि फोटोचा पेनड्राइव्ह घरीच विसरले. लेकीला फोन गेला. ती दुकान बंद करून घेऊन आली आणि आता आलेच आहे तर म्हणून दाराशी उभी राहिली.

फोटो समोरच्या भिंतीवर पडला. धारवाले मागे, लॅपटॉपच्या शेजारी उभे, हातात लाल ठिपका पाडणारा टॉर्च. त्यांनी ठिपका पाखराच्या डोळ्यावर नेला. "हे काय आहे? बोला. नाही बोलणार, कारण तुम्ही बघतच नाही. हे कडं आहे. हा चष्मेवाला वटवट्या आहे. आपल्या तळ्यावरचा. आणि या बाईंच्या हातात ही फाइल गेली असती ना, तर त्यांनी तो पुसून साधा करून ठेवला असता!"

कुजबुज झाली. दोघं-तिघं पुढे वाकले. कडं दिसत होतं, नाही म्हणायला सोय नव्हती. अध्यक्षांचा चेहरा उतरला. आपण मोठीच चूक केली की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

"काका," बाई म्हणाल्या, "एकशे तीसवर आहे ही धार. जरा शून्यावर नेऊन बघू या का? कडं खरं असेल तर थोडं मऊ होईल, पण राहील."

"न्या ना! दोन्ही स्लायडर न्या. आनंदाने न्या." धारवाल्यांनी छाती पुढे काढली. याच क्षणासाठी तर ते आठवडाभर तळमळत होते. "माझ्या पाखराला कुठल्याही स्लायडरची भीती नाही."

बाईंनी धारेचा स्लायडर धरला आणि सावकाश डावीकडे ओढला. भिंतीवर बोरूच्या काड्यांभोवतीच्या पांढऱ्या रेघा विरल्या. चोचीभोवतीची विरली. आणि काचेवर फुंकरीने आलेली वाफ उडावी तसं ते कडंही गेलं. राहिलं ते तपकिरी पाखरू, काळा डोळा आणि भोवती साधी तपकिरी पिसं. हॉलमधल्या प्रत्येक माणसाला दिसलं. लेकीलाही दारातून दिसलं.

"झालं का?" धारवाल्यांनी विचारलं.

"झालं, काका. शून्यावर आहे."

"मग? बघा आता!" आणि लाल ठिपका पुन्हा पाखराच्या डोळ्याशी गेला. "धार नाही, काही नाही. निव्वळ कच्चा माल. आणि कडं? जसंच्या तसं! हे इथून, हे असं वरून, हे खालून..." ठिपका तपकिरी पिसांवर गोल फिरत होता. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. "दिसतंय की नाही? बोला!"

लोक भिंतीकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघू लागले. आधी वाटलं, म्हातारा बनवतोय. मग कुणीतरी मागून दात काढले, "काकांनी जन्मभर माणसांना चष्मे लावले, आता पाखरालाही लावला!" दोघं फिसकन हसले. बाकीच्यांनी खाली माना घातल्या.

"लावला नाही, होताच!" धारवाले गरजले. "दिसायला नजर लागते!"

बाई काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी धारवाल्यांकडे मान वळवली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे जरा वेळ बघितलं. मेणवाली असली तरी शेवटी डॉक्टर होती. "काही नाही, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला आणखी काही विचारायचं नाही." अध्यक्षांनी घसा साफ केला, निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले आणि दिवे लावले.

घरी जाताना धारवाल्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. "बघितलंस? सगळ्यांची दातखीळ बसली! त्या मेणवालीचं तोंड बघितलंस? आणि तो संडासवाला! म्हणे पुढच्या बैठकीत. आता कसली आलीये पुढची बैठक? हात वर करत होते लेकाचे. आता खाली बघायला लागले की नाही?" लेक शेजारून चालत होती. एरवी ती निदान 'बरं' तरी म्हणाली असती. चौक आला तेव्हा तिने बापाचा दंड धरला, आणि ते 'काय आंधळा समजलीस का मला' म्हणून खेकसले तरी सोडला नाही.

सकाळी ते नेहमीसारखे दुकानाच्या दारात थांबले. लेक आधीच येऊन बसली होती. पेटीत दिवा लागलेला होता.

"वाचू का?" ते म्हणाले. स्वारी कालच्याच तोऱ्यात होती.

"आज खुर्चीत बसून वाचा, बाबा. वरपासून."

"का? तुझीही खात्री करायचीये का? घे." ते खुर्चीत ऐसपैस बसले आणि सुरू झाले. वरचं मोठं अक्षर. दुसरी ओळ. तिसरी. चौथी. कुठे अडखळणं नाही, घाई नाही, पार खाली, मुंगीएवढ्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. संपल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाकडे बघावं तसं लेकीकडे बघितलं. "आता उलटी म्हणू?"

लेक उठून तक्त्याशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, वरचं एक अक्षर सोडलं तर बाकी सगळ्यावर मी पांढरा कागद चिकटवलाय."

धारवाले हसले. मग थांबले. तिच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग खुर्चीचे हात धरून उठले, पेटीपाशी गेले आणि बोट लावून बघितलं. बोट कागदावरून सरकत गेलं, गुळगुळीत, आणि कडेला येऊन अडकलं. ज्या अंगठ्याने जन्मभर काचांच्या कडा तपासल्या त्या अंगठ्याने त्यांनी ती कड वरपासून खालपर्यंत तपासली. एकदा नव्हे, दोनदा.

"तिरका कापलायस," ते म्हणाले.

तिने त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, बारीक टॉर्च घेतला, एकेक पापणी वर करून आत बघितलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बाबा. खूप दिवसांचा. मलाच आधी कळायला हवं होतं, पण तुम्ही रोज..." तिने टॉर्च विझवला. "ऑपरेशनने होईल बरं. पण व्हायला पाहिजे लवकर."

बाहेर घड्याळजीने दुकान उघडल्याचा खडखडाट झाला.

"काल," ते म्हणाले, "शून्यावर नेल्यावर... ते कडं?"

"नव्हतं, बाबा."

"सगळ्यांना दिसलं?"

"सगळ्यांना."

मग तो लाल ठिपका, ते 'वरून, खालून', ती खाली गेलेली डोकी, बाईंचं ते 'काही नाही, काका', सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. चेहरा लाल झाला. कुणाला तरी शिवी द्यावी म्हणून तोंड उघडलं, तर द्यायची कुणाला? शेवटी ते पुटपुटले, "तरी त्या बाईचे फोटो मेणाचेच आहेत."

"आहेत," लेक म्हणाली.

तिने कागद सोलून काढला, चुरगाळून टोपलीत टाकला. मागच्या कपाटातून दुसरा तक्ता काढला, कधीतरी गुपचूप आणून ठेवलेला, तो पेटीत सरकवला. तिने बापाचा डावा डोळा झाकला.

"वाचा. दिसतं तेवढंच सांगा."

धारवाल्यांनी वरचं अक्षर सांगितलं. दुसऱ्या ओळीशी आले. ओठ हलले, पण त्यांनी ते मिटून घेतले. ते पुढे वाकले, मागे झाले, डोळा बारीक करून पाहिला. याच खुर्चीत बसून म्हातारेकोतारे असेच मागेपुढे व्हायचे आणि त्यांना त्यांचा राग यायचा.

"दिसत नाही," ते म्हणाले.

आणि मान खाली घालून वाट बघत राहिले, आता ती म्हणेल, नीट बघा. लहानपणापासून तिने या खोलीत दुसरं ऐकलंच काय होतं?

"बरं," लेक म्हणाली आणि तिने दुसरा डोळा झाकला.